१९११चा सीझन मी दुरुस्त करणार

शनिवार, १९ एप्रिल. सकाळी ११.
आजपासून रोजनिशी. मराठीत, कारण अनिकाला मराठी वाचता येत नाही. (धाकटी बहीण. वय पंधरा. नाक सगळ्यांच्या खोलीत.) आईला येतं, पण माझी खोली बेसमेंटमध्ये आणि तिचा गुडघा तो जिना उतरत नाही. सुरक्षित.

कॉलेज सोडून अडीच महिने झाले. बाबा म्हणतात, सोडलं नाहीस, सुटलं. इंजिनियर माणूस, शब्दांत पण टॉलरन्स मोजतो.

मुद्दा. काल आमच्या मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये (प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा) आरोही बोलली. राजीवकाकांची मुलगी. जन्म इथलाच, मराठी थांबत थांबत बोलते, पण बोलते. मेपलटन म्हणून गाव आहे, आमच्या नोव्हायपासून वीस मिनिटं. तिथल्या इतिहास मंडळात ती नोकरी करते. १९११ साली म्हणे त्या गावाने आणि शेजारच्या तीन गावांनी मिळून पगारी खेळाडूंची बेसबॉल लीग काढली. एक सीझन चालली आणि दिवाळं वाजलं. तिला त्या सीझनचं स्कोअरबुक सापडलंय. या उन्हाळ्यात तो अख्खा सीझन परत खेळायचा. तेच कपडे, तेच नियम, आणि प्रत्येक खेळाडूला तेव्हाच्या एकेका माणसाचं नाव. दोन माणसं कमी आहेत, कोणी येणार का?

विचारलं सगळ्यांना, पण बघत माझ्याकडे होती. मी गुलाबजामच्या ट्रेसमोर उभा होतो हा भाग वेगळा.

सप्टेंबरमध्ये ती दूर पिस्कॅटवेला नव्या नोकरीवर जाणार. शेवटची मॅच ६ सप्टेंबरला. म्हणजे माझ्या हातात वीस शनिवार. वीस शनिवारांत ती हो म्हणाली पाहिजे. वीस पुष्कळ झाले. मला वाटतं आठात होईल.

संकल्प: रोज साडेपाचला उठणे. तीन मैल पळणे. रागावर ताबा. कॉलेजचा परत प्रवेशाचा फॉर्म भरणे (बाबांसाठी. सावकाश).

रविवार, २० एप्रिल. दुपारी १२.
उठलो.

शनिवार, २६ एप्रिल. दुपारी ३.
पहिली प्रॅक्टिस. आमची टीम मेपलटन मिलर्स. १९११ला गावात पिठाची गिरणी होती म्हणून. आजची टीम बघून वाटतं, पीठ अजून अंगात आहे. एक दंतवैद्य, दोन प्लंबर, लायब्ररीतला एक माणूस जो बॉल आला की सॉरी म्हणतो. कॅप्टन मिस्टर हॅलोरन, शाळेतले रिटायर्ड पीटी सर. त्यांना कॅप म्हणायचं. मिशीला मेण लावतात.

आणि देवांग. मूळचा शॉमबर्गचा, फिजिओथेरपिस्ट, आमचा पिचर, म्हणजे बोलर. कधी चिडत नाही. डब्यातून भिजवलेले बदाम खातो आणि सगळ्यांना विचारतो, हवेत का. असल्या माणसांचा मला मनापासून राग येतो.

हा खेळ म्हणजे काय? बॉलला टप्पाच पडत नाही. म्हणजे आयुष्यभर फुलटॉस. आम्ही नागपूरला सहावीत फुलटॉसवर आउट होणाऱ्याला आठवडाभर बोलायचो नाही. बॅट गोल. लाटण्याने खेळायचं. आणि कॅच घ्यायला कातडी हातमोजा! मी कॅपला सांगितलं, आमच्याकडे कॅच उघड्या हातांनी घेतात, हे तुमच्या बाळांना द्या.

आरोहीने मला विली क्रांट्झ हे नाव दिलं. स्वतः निवडून. सगळ्यांना एकेक पुस्तिका दिली, सीझनची पूर्ण गोष्ट, अठ्ठेचाळीस पानं. वाचून ये हं, म्हणाली. मी हसलो. कागदावरून खेळ शिकणाऱ्यांतला मी नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६.
मधलं बोट सुजून गाजर झालंय. अर्जंट केअरमधल्या बाईंनी विचारलं, कसं झालं. म्हटलं, बेसबॉल. त्या म्हणाल्या, ग्लव्ह नव्हता का. अज्ञानी लोकांशी वाद घालत नाही.

शनिवार, ३ मे. संध्याकाळी ७.
आज कळलं आणि डोकं फिरलं. १९११ला ज्या मॅचला जो जिंकला, त्याच मॅचला आजही त्यानेच जिंकायचं. मधली मारामारी खरी, पण शेवटच्या इनिंगमध्ये निकाल पुस्तकाप्रमाणे आणायचा. आणि मिलर्स तेव्हा चौदापैकी बारा हरले!

म्हणजे मी उन्हाळाभर हरायची रिहर्सल करायची. तेही पिठाच्या गिरणीसाठी.

आरोहीला तोंडावर सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, ईशान, धिस इज हिस्टरी. तू नंतर जाऊन ती जिंकू शकत नाहीस. आणि हसली.

हे चॅलेंज होतं. मुली सरळ कधी बोलत नाहीत.

ठरलं. १९११चा सीझन मी दुरुस्त करणार.

शनिवार, १७ मे. संध्याकाळी ५.
पहिली मॅच. अंगात लोकरीचा युनिफॉर्म. आई बघून म्हणाली, लग्नाच्या बँडमध्ये लागलास की काय, पगार तरी देतात का.

चार वेळा बॅटिंग, चार वेळा आउट. एकदाही बॉल लागला नाही. कारणं: एक, उन्हाची तिरीप. दोन, गोल बॅट. तीन, तो फुलटॉस मधेच वळतो, जे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. (पुस्तिकेत आहे म्हणे. असेल.)

राजीवकाका कायम फोल्डिंग खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन बाउंडरीवर. इथे बाउंडरी नसते, पण काकांना पर्वा नाही. ओरडले, काय रे क्रांट्झ, माशा हाकलतोयस का? सासरे होणार आहेत म्हणून गप्प बसलो.

आम्ही हरलो. ठरल्याप्रमाणे. सगळ्यांनी एकमेकांची पाठ थोपटली. निर्लज्ज.

शनिवार, ३१ मे. दुपारी ४.
हरलो. देवांगने आरोहीला विचारलं, बदाम हवेत का. तिने दोन घेतले.

संकल्प: उद्यापासून बदाम भिजवणे.

शनिवार, १४ जून. संध्याकाळी ८.
आजचा दिवस इतिहासात जाणार. म्हणजे गेला होता, पण परत काढला. नीट लिहितो.

फेअरव्ह्यूविरुद्ध मॅच. फेअरव्ह्यू म्हणजे लीगमधली सगळ्यात माजलेली टीम. सगळे एका इन्शुरन्स ऑफिसातले, दंड दाखवत फिरतात. शेवटची इनिंग, आम्ही चुकून एका रनने पुढे, त्यांचे दोन गडी बाद (इथे तिसरा गेला की इनिंग संपते), दोन माणसं धावायला तयार. पुस्तकाप्रमाणे आम्ही हरायचं. कॅपने मिशीला हात लावून खूण केली, पुढचा कॅच ज्याच्याकडे येईल त्याने सोडायचा.

माझ्याकडे आला. उंच, निळ्या आकाशात, हळूहळू खाली. मैदानाच्या कडेला आरोही, वही मांडीवर. मी हातमोजा काढून फेकला आणि उघड्या हातांनी घेतला.

ऐंशी माणसं उभी राहून ओरडली. मिलर्स जिंकले! कॅपच्या मिशीचं एक टोक खाली आलं.

आरोही वही घेऊन मैदानात आली. डोळ्यांत पाणी. आधी वाटलं आनंदाचं. ती इंग्रजीतच सुटली. इतिहास मंडळाचे लोक बघायला आले होते. तिची दोन वर्षांची मेहनत ते छापणार होते, पण अट एकच, एकही निकाल बदलता कामा नये. डू यू एव्हर लिसन टु एनीवन? असं विचारून गेली.

मग प्रेक्षक गेल्यावर सगळ्यांना थांबवून शेवटची इनिंग परत खेळवली. मंडळाचे दोघं घड्याळ बघत उभे. बॉल पुन्हा माझ्याकडेच. खरं सांगतो, मी परत घेणारच होतो. तत्त्व म्हणजे तत्त्व. पण हात घामेजले होते, सुटला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कॅप म्हणाला, दॅट टुक कॅरॅक्टर, सन. देवांगने मिठी मारली. मी हात पँटला पुसले.

रविवार, १५ जून. सकाळी १०.
विचार केला. आरोही माझ्यामुळे रडली. ज्याच्याशी काही घेणंदेणं नाही त्याच्यामुळे कोण रडतं? देवांगमुळे ती आजवर एकदाही रडलेली नाही.

प्रगती आहे.

शनिवार, ५ जुलै. दुपारी ४.
उष्णता अमानुष. लोकर अंगाला चावते. १९११च्या लोकांना अक्कल नव्हती याचा आणखी एक पुरावा.

आरोहीने आज माझ्या मानेकडे बघून सांगितलं, सनस्क्रीन लाव, जळतोयस. लक्षात घ्या: मानेकडे बघून.

नंतर देवांगने तिच्यासाठी सँडविच आणलं. तिने अर्धं तोडून त्यालाच दिलं. त्या वेळी माझ्या पायाजवळ पाण्याची बादली होती. ती आता नाही. दोन्ही टीमसाठी पिण्याचं पाणी तेवढंच होतं हे मला माहीत असायचं कारण नाही.

पुढच्या दोन मॅचेस मी विश्रांती घ्यायची असं कॅपचं आणि माझं ठरलं. माझं नंतर ठरलं.

शनिवार, १९ जुलै. दुपारी २.
विश्रांती. राजीवकाकांशेजारी बसलो. थर्मासमधला चहा दिला त्यांनी, आलं घातलेला. म्हणाले, ईशान, तुला बादली एवढी नीट मारता येते तर बॉल का नाही रे? मग म्हणाले, कॉलेजचं काय? म्हटलं, विचार चाललाय. म्हणाले, चालू दे, तो तरी पळतोय.

हे घराणं टोमण्यांचं आहे. लग्नानंतर जरा कडक राहावं लागणार.

शुक्रवार, १ ऑगस्ट. संध्याकाळी ६.
परत प्रवेशाच्या फॉर्मची आज पाचला मुदत संपली. मी पाच वाजून चार मिनिटांनी साइट उघडली. चार मिनिटं! आणि हे लोक स्वतःला फ्लेक्सिबल म्हणवतात. बाबा उठले. लॉन कापायला गेले. एकच पट्टा चार वेळा कापला.

शनिवार, ९ ऑगस्ट. संध्याकाळी ६.
आज बॉल लागला! दोनदा! तरीही आउट. अंपायरला फटका कळतच नाही. मॅचनंतर कॅप जवळ आला, खांद्यावर हात ठेवला, म्हणाला पुढच्या शनिवारी घरच्यांना घेऊन ये, मैदानाच्या मधोमध छोटा समारंभ आहे, तुझ्यासाठी.

म्हटलं होतं ना.

गुरुवार, १४ ऑगस्ट. सकाळी ११.
भाषण तयार. चार मिनिटं. सुरुवात विनोदाने, मधे क्रिकेट आणि बेसबॉल यांची तुलना (सौम्य), शेवटी आरोहीकडे बघून एक वाक्य. ते इथे लिहीत नाही.

शनिवार, १६ ऑगस्ट. संध्याकाळी ७.
लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो, म्हणजे यांचा निषेध नोंदला जाईल.

आई-बाबा, अनिका, सगळे आले. आईने पैठणीसारख्या काठाची साडी नेसली होती. मैदानाच्या मधोमध कॅप, हातात गुंडाळलेला कागद, रिबिन. तीन माणसांचा बँड. मी कागद घेतला, न उघडता खिशात ठेवला आणि भाषण सुरू केलं. तीन वाक्यं झाली होती. कॅप कानात म्हणाला, सन, यू आर सपोज्ड टु रीड इट.

उघडून मोठ्याने वाचला. वाचता वाचता कळत गेलं. विली क्रांट्झ यास, खराब बॅटिंग, भांडखोर स्वभाव व सूचना न पाळणे या कारणांस्तव, मेपलटन मिलर्समधून काढून टाकण्यात येत आहे. सोबत परतीचं रेल्वेचं तिकीट.

लोकांनी रुमाल हलवून निरोप दिला. बँडने काहीतरी रडकं वाजवलं. आई टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं हेच बक्षीस. बाबा बुटांकडे बघत होते.

क्रांट्झला १९११च्या ऑगस्टमध्ये हाकललं होतं. पान एकतीसवर आहे म्हणे. गावातल्या पोराटोरांना माहीत. अनिकाने मे महिन्यात वाचलं होतं. गाडीत म्हणाली, आय थॉट यू न्यू. आय थॉट यू वर बीइंग ब्रेव्ह.

राजीवकाका म्हणाले, काय रे, पुस्तक उघडलंच नाहीस? बरोबर आहे, सवय मोडायची कशाला.

रविवार, १७ ऑगस्ट. दुपारी १.
संपलं. बेसबॉल हा लठ्ठ माणसांनी शेंगा खात बघायचा खेळ आहे. मेपलटन हे गाव नसून चुकलेलं वळण आहे. देवांगला बदाम लखलाभ. आरोही स्वतःहून भेटायला येईपर्यंत मी तिचं तोंड बघणार नाही. तीन आठवडे राहिलेत, तिने ठरवावं.

शनिवार, २३ ऑगस्ट. दुपारी ४.
आली नाही. बिझी असेल.

शनिवार, ३० ऑगस्ट. दुपारी ४.
आली नाही. सहज मेपलटनवरून गाडी नेली. मैदानाच्या कडेने तीनदा. राजीवकाकांनी थर्मास उंच करून दाखवला. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

गुरुवार, ४ सप्टेंबर. संध्याकाळी ६.
फोन!! आरोहीचा!

शनिवारी शेवटची मॅच, मिलर्स विरुद्ध फेअरव्ह्यू. फेअरव्ह्यूला एक माणूस कमी पडतोय. मी येईन का, विचारलं तिने. मी लगेच हो म्हणालो नाही. पूर्ण तीन सेकंद थांबलो. तर म्हणाली, अगदी मराठीत: प्लीज, ईशान. तूच पाहिजेस. दुसरं कोणी नाही चालणार.

तूच पाहिजेस. दुसरं कोणी नाही चालणार.

मी कोणाचं नाव घ्यायचं, काय करायचं, काहीच विचारलं नाही. ती म्हणाली, काही वाचायची गरज नाही, फक्त ये, आणि तुझा नॅचरल गेम खेळ. माझा नॅचरल गेम! चार महिन्यांत पहिल्यांदा कोणी असं बोललं.

परवा जिंकायचं आणि तिथेच, मैदानातच सांगून टाकायचं. मंडळाचे लोक बघत असले तरी बेहत्तर.

शनिवार, ६ सप्टेंबर. संध्याकाळी ८.
क्रमाने.

फेअरव्ह्यूच्या कपड्यांत उभा राहिलो. गर्दी दोनशेच्या वर. शेवटची इनिंग. आम्ही एका रनने मागे. एक आउट झालेला. पहिल्या बेसवर (रनसाठी पळत गाठायच्या चार खुणांपैकी पहिली) आमचा ब्रॅड, इन्शुरन्सवाला, धावायच्या तयारीत. बॅटिंगला मी. समोर देवांग.

त्याने हळू टाकला. घाबरला होता, स्पष्ट दिसत होतं. मी वाकलो, डावा पाय पुढे, आणि असा ड्राइव्ह मारला की नागपूरच्या मैदानावर लोकांनी खांद्यावर घेतलं असतं. जमिनीलगत, सरळ. फक्त तो एका प्लंबरच्या हातात चालला होता. आता, असा फटका थेट फील्डरकडे गेला तर शहाणा माणूस काय करतो? रन नाकारतो. मी हात वर केला आणि ओरडलो: नो! वेट! बॅक!

ब्रॅड मधेच थांबला. माझ्याकडे बघत राहिला. मी बॅट तशीच, फटक्याच्या पोझमध्ये. प्लंबरने बॉल दुसऱ्या बेसवर दिला, तिथून पहिल्या बेसवर. आम्ही दोघंही आउट. मॅच संपली. सीझन संपला.

बेसबॉलमध्ये बॉल जमिनीवर मारला की पळावंच लागतं म्हणे. इच्छा असो नसो. हुकूमशाही.

ब्रॅडने हेल्मेट असतं तर फेकलं असतं. १९११ला हेल्मेट नव्हतं म्हणून टोपी फेकली, ती माझ्या पायाशी पडली. आणि तेवढ्यात आरोही धावत आली, वही हवेत, आणि तिने मला मिठी मारली. मला! दोन सेकंद. परफेक्ट, म्हणाली, ओ माय गॉड, परफेक्ट. आणि धावत मंडळाच्या लोकांकडे गेली. सांगायचं वाक्य तोंडातच राहिलं.

राजीवकाकांनी थर्माससकट मला बाजूला घेतलं. ते म्हणाले ते जसंच्या तसं: बाबा रे, १९११ची शेवटची मॅच अशीच संपली होती. त्यांचा शेवटचा बॅट्समन फटका मारून पुतळ्यासारखा उभा राहिला, धावलाच नाही, आणि साथीदारालाही घेऊन बुडाला. तो रोल फेअरव्ह्यूमध्ये कोणी घेईना. बायकापोरांसमोर एवढा मूर्खपणा कोण करणार? मग आरोहीने तुझं नाव सुचवलं. कॅपने विचारलं, ईशानला सांगायचं का काय करायचंय ते. ही म्हणाली, सांगितलं तर तो मुळीच करणार नाही. नाही सांगितलं तर नक्की करेल.

मग काकांनी मला थर्मासच्या झाकणात चहा दिला. या वेळी टोमणा मारला नाही. ते जास्त लागलं.

रविवार, ७ सप्टेंबर. सकाळी ७.
झोप नाही, पण डोकं स्वच्छ. कालपासून उलटसुलट विचार केला. आईला मी काय खातो तेवढंच माहीत. बाबांना मी काय करत नाही तेवढंच. आणि या मुलीने, पूर्ण चार महिने लांबून बघून, मी कोणत्या क्षणी काय करणार हे सेकंदापर्यंत अचूक सांगितलं. जगात एवढं कोणी कोणाला ओळखतं का? लग्न होऊन तीस वर्षं झालेल्यांना जमत नाही.

हाच मुद्दा मांडायचा. बिनतोड आहे. दुपारी ती निघणार. जातो.

रविवार, ७ सप्टेंबर. दुपारी २.
राजीवकाकांच्या ड्राइव्हवेत गाडी भरणं चाललं होतं. आरोहीच्या हातात पुस्तकांचा खोका. देवांग नव्हता. नंतर काकू सहज बोलता बोलता म्हणाल्या, त्याचं तर डिसेंबरात लग्न आहे, शिकागोच्या मुलीशी. म्हणजे मधे कोणीच नव्हतं. उन्हाळाभर मी कोणाशी भांडत होतो कोण जाणे.

मी सगळं सांगितलं. भाषण नाही, साधंच. शेवटी म्हटलं, आरोही, मला तुझ्याइतकं कोणीच ओळखत नाही.

तिने खोका खाली ठेवला. हसली नाही, याबद्दल तिचे आभार. म्हणाली, हो, ओळखते. आणि मग हळू, मराठीतच: म्हणूनच.

मग खोका मी उचलला आणि मागे ठेवला. डिकी लागत नव्हती. दोन्ही हातांनी दाबून लावून दिली.